शेतकऱ्याचीं घरें, सुटीचे धनी

शहरांत राहून ज्यांचा संसार सुखानें चालला आहे अशा माणसांच्या मनांत एका विशिष्ट वयानंतर एक इच्छा बहुधा डोकावूं लागते. कोठें तरी खेड्यांत एखादें जुनें घर आपलें असावें, त्याच्या भिंती हातभर जाड असाव्या, तुळया धुरानें काळवंडलेल्या असाव्या, आणि सुटी लागली कीं मुलांबाळांसह तेथें जाऊन चार दिवस राहावें, अशी ती इच्छा होय. ती आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिलाहि कांहीं इतिहास असेल ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. आपल्या पणज्यांना खेड्यांतील घर म्हणजे दरसाल शाकारावयाचें, सारवावयाचें आणि भाऊबंदांच्या तंट्यांतून वांचवावयाचें घर होतें. तेथें विश्रांतीसाठीं जावें ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली असती.

हा इतिहास इंग्लंडांत जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. शेतकऱ्यानें आपलें घर सोडावें आणि शहरवासी मनुष्यानें सुटीपुरतें त्यांत शिरावें, हा प्रकार त्या देशांत गेलीं दीडशें वर्षें चालला आहे. त्यावरून तेथें वाद झाले, मंडळ्या निघाल्या, कायदे झाले, आणि शेजारच्या वेल्समध्यें तर घरांना आगीहि लागल्या. आपल्याकडे कोंकणांत व मावळांत जुनीं घरें सुटीच्या मुक्कामासाठीं दुरुस्त करण्याची हौस आतां वाढूं लागली असल्यामुळें हा वृत्तांत येथील वाचकांस अगदींच परका वाटणार नाहीं अशी आशा आहे.

प्रथम तें घर मूळचें कसें होतें तें पाहूं. केंट व ससेक्स या परगण्यांत पंधराव्या शतकांतील सुखवस्तु शेतकऱ्याचें घर म्हणजे ओकच्या लांकडाचा एक सांगाडा असे. त्याच्या मधल्या जागा कामट्यांचे कूड विणून व त्यांवर मातीचा गिलावा करून भरीत. मधोमध एक मोठें दालन. त्याला माळा नाहीं, वर थेट छपरापर्यंत पोकळी. जमिनीवर मध्यभागीं चूल पेटलेली असे आणि धूर आपली वाट आपणच शोधीत छपराच्या फटींतून बाहेर पडे. दालनाच्या एका अंगास धन्याची खोली, दुसऱ्या अंगास दुभतें, धान्य व मद्याचीं पिंपें ठेवण्याच्या कोठ्या. आजहि अशा एखाद्या घराच्या माळ्यावर चढून वर दिवा धरला तर पांचशें वर्षांपूर्वींचें काजळ वाशांवर बसलेलें दिसतें.

पुढें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेतकऱ्याच्या घरीं विटांचें धुराडें आलें. धुराडें आल्यावर दालनांतील धूर गेला. धूर गेल्यावर तेथें माळा घालतां येऊं लागला. आणि माळा झाल्यावर जिना, वरच्या निजण्याच्या खोल्या, कांचेच्या खिडक्या हीं सर्व ओघानेंच आलीं. एसेक्समधील विल्यम हॅरिसन नांवाच्या एका पाद्र्यानें इंग्लंडचें वर्णन लिहिलें, तें १५७७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यानें आपल्या गांवच्या म्हाताऱ्यांचें बोलणें नमूद करून ठेविलें आहे. आमच्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी नवलाच्या पालटल्या, असें ते म्हणत: धुराडीं फार झालीं, पेंढ्याच्या अंथरुणांच्या जागीं गाद्या-उशा आल्या, आणि लांकडी ताटल्या जाऊन कथलाच्या आल्या. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानें १९५३ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत १५७० ते १६४० हा काळ ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ ठरविला. त्यानंतरच्या संशोधकांनीं ह्या मर्यादा प्रांतोप्रांतीं मागेंपुढें सरकविल्या आहेत. परंतु शेतकऱ्याच्या घराचें रूप एकदां असें समूळ पालटलें, ही मूळ कल्पना टिकून आहे.

हा तपशील येथें मुद्दाम दिला आहे. जुनें घर ‘मूळ स्वरूपांत’ आणावयाचें असें जो कोणी म्हणतो त्याला हें विचारलें पाहिजे कीं, तुझें मूळ कोणतें? धुरानें भरलेलें उघडें दालन कीं त्यांत मागाहून घातलेला माळा? दोन्हीहि शेतकऱ्यानेंच केलें, दोन्हीहि जुनें, आणि एक ठेवावयाचें तर दुसरें मोडावें लागतें.

अठराव्या शतकांत ह्या घरांची दशा फिरली. सामाईक कुरणें व पट्ट्यापट्ट्यांचीं शेतें मोडून त्यांना कुंपणें पडलीं, लहान शेतें मोठ्या शेतांत गडप झालीं, आणि एकेका मोठ्या शेतकऱ्याच्या हातीं तीन-तीन, चार-चार घरें आलीं. एकांत तो स्वतः राही. उरलेलीं मध्यें फळ्या ठोकून मजुरांच्या दोन-तीन बिऱ्हाडांस देई. मोठमोठ्या चुली विटांनीं बुजवून त्यांत लहान शेगड्या बसविल्या गेल्या. घरें कळाहीन झालीं हें खरें, पण त्यामुळेंच तीं वांचलींहि. कारण ज्याच्यापाशीं पैसा होता त्यानें जुनें घर पाडून त्या जागीं नवें बांधिलें. मग १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेचा स्वस्त गहूं आगगाड्यांनीं व आगबोटींनीं इंग्लंडांत येऊं लागला. त्यांतच १८७९ सालचा सगळा उन्हाळा पावसांत जाऊन पिकें कुजलीं. १८७४ सालीं एका क्वार्टरला ५५ शिलिंगांच्या वर असलेला गव्हाचा भाव १८९४ सालीं २३ शिलिंगांच्याहि खालीं उतरला. शेतकऱ्यास खंड भरवेना, मजुरानें शहराची वाट धरली, घरें ओस पडूं लागलीं. मजूर ज्या आगगाडीनें शहरांत गेला त्याच आगगाडीनें शहरांतील चित्रकार, कवि, वकील सुटीसाठीं खेड्यांत येऊं लागले, आणि एखादें जुनें घर भाड्यानें मिळेल काय म्हणून विचारूं लागले.

अशा विचारणाऱ्यांत विल्यम मॉरिस हा अग्रगण्य होता. कवि, कापडावरच्या व भिंतीच्या कागदावरच्या नक्षीचा निर्माता, आणि उत्तर आयुष्यांत कट्टा समाजवादी, अशा नात्यांनीं तो इंग्रजीच्या अभ्यासकांस परिचित आहे. १८७१ च्या जून महिन्यांत त्यानें चित्रकार रॉसेटी याजबरोबर भागीनें ऑक्सफर्डशायरमध्यें टेम्स नदीच्या वरच्या अंगास केल्मस्कॉट नांवाच्या खेड्यांतील एक घर भाड्यानें घेतलें. हें घर १५७० च्या सुमारास एका शेतकरी कुळानें बांधिलें होतें आणि सुमारें शंभर वर्षांनीं त्यास आणखी एक अंग जोडलें होतें. आज तें केल्मस्कॉट मॅनर म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु हें भारदस्त नांव एकोणिसाव्या शतकांत मिळालेलें आहे, तत्पूर्वीं गांवांत तें एक शेतकऱ्याचें घर म्हणूनच ओळखलें जाई. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ ज्या वर्षीं निघूं लागली त्या १८७४ सालीं रॉसेटी तें घर सोडून गेला. (त्याच्या व मॉरिसच्या पत्नीच्या स्नेहासंबंधानें इंग्रजींत कपाटें भरतील इतकें लिहिलें गेलें आहे, प्रस्तुत विषयाला त्याची गरज नाहीं.) मॉरिस मात्र १८९६ सालीं वारला तोंपर्यंत भाडेकरी राहिला. त्याचा उद्योग लंडनांत, मुक्काम लंडनांत. केल्मस्कॉट हें त्याचें सुटीचें ठिकाण. १८८० सालीं तर तो लंडनांतील हॅमरस्मिथपासून तेथपर्यंत सहकुटुंब नावेंतून गेला.

ह्या घरांत त्यानें काय केलें? नवल वाटण्याइतकें थोडें. वरच्या एका खोलींत सतराव्या शतकांतील भिंतपडदे टांगलेले होते. त्यांवर बायबलांतील सॅम्सनची कथा विणलेली होती आणि त्यांचे रंग पार विटले होते. रॉसेटीला ते पडदे भेसूर वाटत. मॉरिसनें ते जागचे हलविले नाहींत, उलट विटलेल्या रंगांतच त्याला गोडी वाटली. ज्याच्या कारखान्यांत उत्तमोत्तम भिंतपडदे विणले जात त्यानें दुसऱ्याचे जुनाट पडदे तसेच ठेवावे, यांत त्याची रसिकता दिसते. सर्वांत अधिक प्रेम त्याचें छपरावर होतें. त्या भागांत छपरावर दगडाच्या पातळ फरश्या घालतात. वळचणीशीं मोठ्या, आणि आढ्याकडे जावें तों तों लहान. त्यांची ती क्रमवार मांडणी पाहून त्याला माशाच्या खवल्यांची आणि पक्ष्याच्या पिसांची आठवण होई. छपराखालच्या माळ्यावर पूर्वीं गडीमाणसें व गुराखी निजत, हेंहि त्यानें १८९५ सालीं ह्या घराविषयीं लिहिलेल्या लेखांत सांगितलें आहे. तो भाडेकरी होता, म्हणून त्याला मोडतोड करतां येत नव्हती, असें कोणी म्हणेल. तें खरें असलें तरी त्याच्या ह्या वागण्यामागें एक निश्चित मत होतें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराची मोठी लाट उसळली होती. गिल्बर्ट स्कॉटसारखे नामांकित शिल्पज्ञ एखाद्या मंदिराचा एक काळ उत्तम म्हणून ठरवीत, त्यानंतरच्या पिढ्यांनीं घातलेली भर काढून टाकीत, आणि त्या उत्तम काळाच्या नमुन्याबरहुकूम नवें काम बसवीत. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्यूक हा तर स्पष्टच म्हणे कीं, जीर्णोद्धार म्हणजे इमारतीस अशा पूर्णावस्थेस पोंचविणें, जी कदाचित् कोणत्याहि एका काळीं प्रत्यक्षांत नव्हतीच. ट्यूक्सबरीच्या मंदिरांत स्कॉटचें काम सुरू होणार असें कळतांच १८७७ च्या मार्चमध्यें मॉरिसनें ‘अथेनियम’ पत्रांत एक खरमरीत पत्र लिहिलें, आणि त्याच महिन्यांत प्राचीन इमारतींचें रक्षण करणारी एक मंडळी स्थापन झाली. ती आजहि कार्य करीत आहे. भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून काढणाऱ्यांशीं तिचें वैर असल्यामुळें तिला ‘खरवडविरोधी’ असें टोपणनांव पडलें. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जीर्णोद्धाराच्या जागीं संरक्षण हवें; गळकें छप्पर वेळेवर बुजवावें, कलती भिंत उघड दिसेल अशा धिऱ्यानें सांवरावी, रोजच्या काळजीनें क्षय लांबवावा, आणि नव्या कामानें जुन्याचें सोंग आणूं नये. इमारत आजच्या उपयोगाला गैरसोयीची झाली असेल तर दुसरी बांधावी, पण जुनीस हात लावूं नये, येथवर त्या जाहीरनाम्याची मजल गेली.

हिंदुस्थानाशींहि ह्या मताचा संबंध आला. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा कायदा झाला आणि पुराणवस्तु खात्याचे मुख्य सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं दुरुस्तीच्या कामाची जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली तींत मॉरिसच्या मंडळीचींच तत्त्वें दिसतात. अजिंठ्यापासून विजापुरापर्यंत कित्येक स्थळें आज नव्या रंगरंगोटीवांचून राहिलीं आहेत तीं कांहीं अंशीं ह्या तत्त्वांमुळें. स्वतः मॉरिसनेंहि १८७९ च्या एका व्याख्यानांत इंग्रजी सत्ता व व्यापार यांनीं हिंदी कारागिरीचा कसा नाश चालविला आहे हें आपल्या देशबांधवांस कठोर शब्दांत सुनावलें होतें.

तथापि मंडळीचा हा दंडक मंदिरास जितका शोभतो तितका शेतकऱ्याच्या घरास शोभत नाहीं, असें आमचें मत आहे. मंदिराचा उपयोग शतकानुशतकें तोच राहतो. शेतकऱ्याचें घर हें प्रत्येक पिढीनें आपल्या सोयीसाठीं मोडतजोडत आणलेलें असतें. त्याचा इतिहास म्हणजे त्या मोडजोडीचाच इतिहास. तेव्हां त्यांत स्नानगृह घालूं नये, विजेची तार आणूं नये, असा हट्ट धरणें म्हणजे ज्या स्वातंत्र्यानें तें घर घडलें तेंच पुढच्या रहिवाशास नाकारणें होय. प्रश्न फेरफार करावे कीं न करावे हा नसून मागचे फेरफार पुसून टाकावे काय हा आहे. आणि सुटीसाठीं घर घेणाऱ्याचा हात येथेंच हटकून चुकतो. त्याला सोय हवी असते त्याहून अधिक ‘जुनेपणा’ हवा असतो; आणि घरांत असलेला जुनेपणा त्याच्या मनांतल्या जुनेपणाशीं जुळला नाहीं कीं तो तो विकत आणतो.

याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. दगडी भिंतीचा गिलावा काढून आंतली ओबडधोबड चिरेबंदी उघडी करण्याची फॅशन घ्या. तो दगड कधीं कोणाला दिसावा म्हणून रचलेलाच नव्हता. गवंड्यानें तो गिलाव्याच्या भरंवशावर रचिला. तुळयांस काळा रंग देण्याची चाल एकोणिसाव्या शतकांत बोकाळली. त्यापूर्वीं ओक उघडा राहून रुपेरी राखाडी होई किंवा त्यावर भिंतीबरोबर चुन्याचा हात फिरे. आतां तो काळा रंग काढण्यासाठीं वाळूचा फवारा मारतात, आणि त्याबरोबर सुताराच्या तासणीच्या खुणा, सांधे जुळविण्यासाठीं कोरलेले त्याचे आंकडे, सारें झिजून जातें.

सर्वांत मोठें नुकसान सिमेंटानें केलें. लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिननें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटाची सनद घेतली. तोंवर घरें चुन्यांत बांधिलीं जात. जुन्या भिंतीस खालून ओल येते आणि पावसाचें पाणीहि मुरतें, पण चुना मऊ व सच्छिद्र असल्यामुळें तें पाणी दरजांतून पुन्हां उडून जातें. आपल्याकडेहि घाणींत मळलेल्या चुन्याचे वाडे पावसाळ्यांत ओले होतात व उन्हाळ्यांत सुकतात, तसेंच हें. ह्या दरजा कोणी कठीण सिमेंटानें भरल्या म्हणजे पाण्याची वाट बंद होते. मग तें दगडांतून किंवा विटेंतून बाहेर पडूं पाहतें, थंडींत तेथेंच गोठतें, आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. लांकडी सांगाड्यावर सिमेंटाचा गिलावा केला तर आंत ओक कुजतो आणि बाहेरून भिंत नवीकोरी दिसते. ओल आली म्हणून पुन्हां सिमेंट, असें हें चक्र कित्येक घरांत चाललें. चुन्याच्या कामाची विद्या मध्यंतरीं इंग्लंडांत जवळजवळ बुडाली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती पुनः शिकावी लागली.

अशी घरें दुरुस्त करतांना आणखी एक गोष्ट हातीं येते, ती कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. धुराड्याच्या कोनाड्यांत, दाराच्या वर किंवा भिंतींत जुने, वापरून झिजलेले जोडे दडविलेले आढळतात. बहुतेक एकेकटेच, आणि पुष्कळदां लहान मुलांचे. नॉर्थॅम्प्टनच्या वस्तुसंग्रहालयानें ह्या जोड्यांची नोंद ठेवण्यास सुरवात केली तेव्हां कोठें ही चाल किती पसरली होती हें कळलें. घरांत अनिष्ट शिरूं नये म्हणून हें करीत असावे असा तर्क आहे. करणाऱ्यांनीं मात्र त्याविषयीं कांहीं लिहून ठेविलें नाहीं. गवंड्यास घाई असली कीं तो जोडा कचऱ्यांत जातो.

आतां ‘मूळ कोणतें’ ह्या प्रश्नाकडे पुनः येऊं. ससेक्समध्यें नॉर्दियम गांवीं डिक्स्टर नांवाचें पंधराव्या शतकाच्या मध्यांतील एक घर आहे. १९१० सालीं तें नॅथॅनिएल लॉइड नांवाच्या धनिकानें विकत घेतलें आणि काम एडविन लट्येन्स याजकडे सोंपविलें. दोन वर्षांनीं नव्या दिल्लीच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आलेले लट्येन्स ते हेच. लट्येन्सनीं दालनांत मागाहून घातलेले माळे व आडभिंती काढून टाकल्या आणि तें पुन्हां छपरापर्यंत उघडें केलें. घर अपुरें पडत होतें, म्हणून केंटमधील बेनेंडन येथें पाडावयास काढलेलें सोळाव्या शतकांतील एका शेतकऱ्याचें घर ७५ पौंडांस घेऊन, त्याच्या प्रत्येक लांकडावर आंकडा घालून, तें सुटें करून आणिलें आणि डिक्स्टरच्या पाठीशीं पुनः उभें केलें. दोहोंना सांधणारें नवें काम लट्येन्सचें. परिणाम अत्यंत देखणा झाला आहे यांत शंका नाहीं, आणि बेनेंडनचें घर नाहींतर सरपणाला गेलें असतें. परंतु सोळाव्या शतकांतील ज्या शेतकऱ्यानें धुराचा त्रास चुकवून माळा घातला आणि ज्याला तो आपल्या भरभराटीची खूण वाटला असेल, त्याचें काम तेथून गेलें. मॉरिस हयात असता तर त्यानें हें पसंत केलें नसतें. आम्हांला स्वतःला ह्या बाबतींत दोन्हीकडे ओढ वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या हौसेला कायद्याचें कुंपण पडलें. १९४७ च्या नगर व ग्राम रचनेच्या कायद्यानें जुन्या इमारतींच्या याद्या करण्याचें काम पद्धतशीर झालें आणि १९६८ पासून यादींतील इमारतींत फेरफार करण्यास पूर्वसंमति लागूं लागली. १९६५ सालीं सर जॉन स्मिथ व त्यांची पत्नी यांनीं लँडमार्क ट्रस्ट नांवाची संस्था काढली. तिची युक्ति साधी आहे: कोणी वाली नसलेली लहान जुनी इमारत घ्यावी, नीट दुरुस्त करावी, आणि सुटीसाठीं आठवडा-चार दिवस भाड्यानें देऊन त्या भाड्यांतून ती राखावी. तिच्या घरांत दूरदर्शनचा संच नसतो. एक वही असते, तींत येणाऱ्यानें वाटेल तें लिहावें. सफकमधील पर्टन ग्रीन हें तिचें एक घर आमच्या विषयाला नेमकें लागू पडतें. तेराव्या शतकांतील हें शेतघर. भोंवतालचें खेडें केव्हांच नाहींसें झालेलें. १९६९ सालीं संस्थेनें तें घेतलें तेव्हां तें पडावयास झालें होतें. दालन छपरापर्यंत मोकळें ठेविलें आहे, आणि घरापर्यंत गाडीरस्ता मुद्दामच केलेला नाहीं. पाहुण्यानें आपलें सामान एकचाकी हातगाडीवर घालून शेतांतून ढकलीत न्यावें लागतें. हा थोडासा पोरखेळ वाटेल. पण गाडीरस्ता केला असता तर घराभोंवतींचें सारें स्थळच पालटलें असतें, हेंहि उघड आहे.

येथवर सर्व विचार घराचा झाला. गांवाचा विचार कोणीं केला? पर्टन ग्रीनला गांवच उरलेलें नाहीं, म्हणून तेथें हा प्रश्न उठत नाहीं. वेल्समध्यें तो फार तीव्रपणें उठला. तेथील वेल्श बोलणाऱ्या खेड्यांत इंग्रज शहरवासीयांनीं शेतघरें व झोंपड्या सुटीसाठीं घेतल्या, किंमती चढल्या, गांवच्या तरुणाला लग्न करून गांवांतच राहावें तर घर मिळेना, वर्षांतील दहा महिने बंद राहणाऱ्या दारांमुळें शाळेचीं मुलें घटलीं आणि भाषेचा आधार तुटूं लागला. १९७९ च्या डिसेंबरांत अशा रिकाम्या घरांना आगी लावण्याचें सत्र सुरू झालें आणि तें दहा-बारा वर्षें चाललें. मेबियन ग्लिन्दूर नांवाच्या एका गुप्त टोळीनें त्याची जबाबदारी घेतली. दोनशेंच्या आसपास घरें त्यांत जळलीं. जाळपोळीचें समर्थन कोणी समंजस मनुष्य करणार नाहीं. परंतु तक्रार खोटी नव्हती, हें वेल्सच्या सरकारनेंच पुढें मान्य केलें. १ एप्रिल २०२३ पासून तेथील स्थानिक सभांना सुटीच्या दुसऱ्या घरावर नेहमींच्या करावर आणखी ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकार बसविण्याचा अधिकार मिळाला आहे. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज गांवानें २०१६ सालीं मतदान घेऊन नवीं घरें कायम रहिवाशांखेरीज कोणास विकूं नयेत असें ठरविलें. जुन्या घरांना अर्थातच तो नियम लागू नव्हता, त्यामुळें बाहेरच्या खरेदीदारांचा ओढा उलट जुन्या घरांकडेच अधिक वळला. चांगल्या हेतूनें केलेल्या नियमाची ही गत व्हावी, यांत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवल वाटूं नये.

घराची चुन्या-लांकडानें उत्तम निगा राखणारा मनुष्यहि ह्या दुसऱ्या बाजूस आंधळा असूं शकतो. तीनशें वर्षें ज्या घराला शेत जोडलेलें होतें त्याचें शेत तोडून नुसतें घर राखलें, तर नेमकें काय राखलें, ही शंका मनांत येते. ह्या शंकेला प्रत्यक्ष कृतीनें उत्तर देणारी एक व्यक्ति त्याच देशांत होऊन गेली, आणि ती मुलांसाठीं सशा-उंदरांच्या गोष्टी लिहिणारी बाई होती.

बीअॅट्रिक्स पॉटर ही लंडनच्या श्रीमंत घरांतील मुलगी. १९०५ सालीं तिचा विवाह ठरला आणि महिन्याभरांतच तिचा वाग्दत्त पति वारला. त्याच वर्षीं तिनें आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नांतून उत्तरेकडील सरोवरांच्या प्रांतांत निअर सॉरी गांवीं हिल टॉप नांवाचें सतराव्या शतकांतील शेतघर ३४ एकर जमिनीसह विकत घेतलें. आईबापांच्या देखभालीसाठीं तिला लंडनांतच राहावें लागे. हिल टॉपला ती चार-आठ दिवस सवड काढून जाई. म्हणजे तिचेंहि तें सुटीचेंच घर. पण तेथें एक शेतकरी कुटुंब राहून शेत पाहत होतें. दुसऱ्या कोणीं त्यांना निरोप दिला असता. हिनें त्यांच्यासाठीं घराला नवें अंग जोडलें, जुन्या भागांत आपल्या दोन-तीन खोल्या ठेविल्या, आणि नव्या अंगावर १९०६ हें साल व आपलीं आद्याक्षरें कोरविलीं, म्हणजे नवें तें नवें हें कोणालाहि वाचतां यावें. मॉरिसच्या मंडळीला ह्याहून अधिक कांहीं मागतां आलें नसतें. घरांत उंदीर-घुशींचा सुळसुळाट होता. त्यांचा बंदोबस्त करतां करतां तिनें त्यांच्यावरच एक पुस्तक लिहिलें आणि १९०८ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतल्या चित्रांत हिल टॉपचा जिना, कपाट आणि चूल जशींच्या तशीं आहेत. जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च भागविण्याची ह्याहून गमतीची रीत ऐकिवांत नाहीं.

पुढें तिनें शेजारचें दुसरें शेत घेतलें, १९१३ सालीं तेथील एका वकिलाशीं विवाह केला, आणि राहण्यास त्या दुसऱ्या शेतावरील घरीं गेली. हिल टॉप लेखनासाठीं व जुन्या लांकडी सामानासाठीं ठेविलें. हळूहळू तिचें लक्ष घरांवरून मेंढ्यांकडे वळलें. त्या डोंगरांत हर्डविक नांवाची एक काटक जात आहे. तिची लोंकर राठ, म्हणून बाजारांत भाव कमी, आणि ती जात मागें पडत चालली होती. डोंगराळ शेतें सुटीच्या बंगल्यांसाठीं तुकड्यातुकड्यांनीं विकलीं जाऊं नयेत म्हणून तिनें तीं एकेक करून घेतलीं, कुळें ठेविलीं, कळप राखले. १९४३ च्या डिसेंबरांत ती वारली तेव्हां चौदा शेतें व चार हजारांहून अधिक एकर जमीन तिनें नॅशनल ट्रस्टला दिली, आणि डोंगरावरच्या शेतांत हर्डविकच मेंढ्या राहाव्या अशी अट घातली. हिल टॉपच्या खोल्या आपण ठेविल्या तशाच राहाव्या अशीहि तिची इच्छा होती.

ती इच्छा पाळली गेली. १९४६ पासून हिल टॉप लोकांस खुलें आहे आणि तेथें इतकी गर्दी लोटते कीं, ठराविक वेळेचीं तिकिटें द्यावीं लागतात. तिच्या डोंगराळ शेतांवर मात्र आजहि ट्रस्टचीं कुळें हर्डविक मेंढ्या पाळतात.